वासाचा रकाना

चिलिंग सेंटरच्या कॉम्प्युटरवर बसणारा माणूस म्हणजे कोणी मोठा इंजिनियर, असं आमच्या कासुर्डीत काही लोकांना अजून वाटतं. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. आमच्या घरात आज्यापर्यंत सगळ्यांनी मेंढरं वळली, वडिलांनी जमीन धरली, म्हशी बांधल्या, आणि दिवसभर खुर्चीत बसून पगार घेणारा मी पहिलाच निघालो. त्या खुर्चीचा मला भारी तोरा होता. खरं काम काय, तर आकडे टाकायचे. पुढं सांगणार आहे ते त्या आकड्यांचंच, आणि त्यात माझी काही शोभा होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं सेंटर कारेगाव आणि शिरूरच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत होतं. मी कारेगावात खोली घेतली होती, कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या शेजारी. सकाळी सातला पहिली दुधाची गाडी यायची, पाबळकडची. मग न्हावऱ्याची, मग बाकीच्या. गाडीतले कॅन डॉकवर, म्हणजे सिमेंटच्या उंच ओट्यावर उतरायचे, आणि तिथं आमचे चाचा उभे असायचे.

चाचा शिरूरचे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, पांढरी दाढी, पायात रबरी बूट. त्यांचं काम एकच, वास घेणं. कॅनचं झाकण काढायचं, उलटं करून नाकाजवळ न्यायचं, एक श्वास घ्यायचा. दुधाचा वास झाकणात धरून राहतो, त्यामुळं दुधात तोंड घालायची गरज पडत नाही. वास बरा असला की झाकण परत कॅनवर थाडकन बसायचं. वास वाईट असला की चाचा झाकण तसंच उलटं कॅनच्या तोंडावर ठेवायचे आणि पुढच्या कॅनकडं जायचे. ज्याचा कॅन असेल तो ते बघायचा आणि गुपचूप आपला कॅन बाजूला ओढून घ्यायचा. चाचा तोंडातून एक शब्द काढायचे नाहीत.

एकदा मी विचारलं होतं, "चाचा, नुसतं झाकण उलटं करण्यापरीस सांगत का न्हाई, की बाबा तुझं दूध खराब हाय?"

"दुधाला चारचौघांत नाव ठेवायचं नसतं," चाचा म्हणाले. "ज्याचं त्याला कळलं, झालं. गावाला कशाला सांगायचं?"

मला ते पटलं होतं. आमच्याकडंही तसंच. दूध नासलं असं माझी आई कधी म्हणाली नाही, "दूध गेलं" म्हणायची, तेही हळू आवाजात.

मी बसायचो डॉकला लागून असलेल्या खोलीत, खिडकीशी. चाचांपासून पाच-सहा हातांवर. झाकण थाडकन वाजलं की कॅन पास झाला, हे मला मान वर न करता कळायचं. मग लॅबवाला त्या कॅनचं फॅट, दाटपणाची डिग्री, तापमान सांगायचा आणि मी ते टाकायचो. उलट्या झाकणाचे कॅन कॉम्प्युटरवर येतच नव्हते, त्यांची नुसती चिठ्ठी व्हायची.

आता त्या स्क्रीनवर एक रकाना होता, वासाची श्रेणी. एक ते पाच. ज्या कोणी पुण्यात बसून तो प्रोग्राम बनवला, त्यानं चाचांना कधी पाहिलं नव्हतं. तो रकाना रिकामा सोडला की कर्सर तिथंच अडून बसायचा आणि कॉम्प्युटर टूंक करून ओरडायचा. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून विचारलं, "चाचा, ह्याला किती देऊ? एक ते पाचमधी सांगा."

"किती म्हंजी? चांगलं हाय."

"तसं न्हाई चालत, आकडा लागतो."

"दूध हाय ते लेका, परीक्षेचा पेपर न्हाई," असं म्हणून चाचा पुढच्या कॅनकडं गेले. मागं दहा कॅन थांबलेले, गाडीवाला हॉर्न मारतोय, माझं डोकं आधीच तापट. मी तीन दाबला. मधला आकडा, कोणाची तक्रार नाही. दुसऱ्या कॅनला तीन, तिसऱ्याला तीन. कोणी विचारलं नाही. नऊ वर्षं विचारलं नाही.

मग मॅडम आल्या. पुण्याच्या, वय माझ्यापेक्षा बरंच कमी, एसटीनं यायच्या, पाठीवर लॅपटॉपची बॅग. आमच्या साहेबांनी, म्हणजे सेंटरच्या मॅनेजरनी, हेड ऑफिसातून त्यांना बोलावून घेतलं होतं. कारण असं, की प्रत्येक कॅनच्या दुधाची एक बाटली लॅबमध्ये ठेवायची आणि दुपारी उकळून बघायची, दूध टिकलं की फाटलं. ते मी नोंदवायचो. पण दुपारपर्यंत सगळं दूध टाकीत एकत्र झालेलं असायचं. मग कळून उपयोग काय? मॅडमचं म्हणणं, हे कॉम्प्युटर सकाळीच सांगेल.

"आपल्या नोंदींच्या डेटाबेसला एक एक्स्टेंशन, म्हणजे जोडप्रोग्राम, जोडायचं, दादा," त्यांनी मला समजावलं. "त्याला जुन्या नोंदी दाखवायच्या. कुठल्या कॅनचं तापमान किती होतं, फॅट किती, वास कसा, आणि शेवटी ते दूध फाटलं का टिकलं. हजारो नोंदी बघून ते स्वतःच शिकतं. मग नवीन कॅन आला की आधीच सांगतं, हे जाईल का राहील."

"माणसासारखं शिकतं?" मी म्हटलं.

"माणसाकडून शिकतं," मॅडम म्हणाल्या. मग माझ्या कीबोर्डकडं बघून हसल्या. "हा तीन कुठं गेला तुमचा?"

तीनच्या बटणावरचं पांढरं अक्षर घासून गेलं होतं. बाकी सगळे आकडे ठणठणीत. "जुना झालाय कीबोर्ड," मी म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

ते एक्स्टेंशन बसवायला पाच दिवस लागले. आज कोणी म्हणेल, त्यात काय एवढं. पण तेव्हा नेट म्हणजे फोनच्या तारेवरचं, फाइल उतरवायला लावली की शिरूरला जाऊन चहा पिऊन यावं. ती निम्मी उतरली की भारनियमनाची वेळ व्हायची. शेवटी मॅडम पुण्याहून सीडीवर सगळं घालून घेऊन आल्या.

पहिल्या दिवशी ते म्हणालं, मला लागणारी फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. मॅडमनी दोन तास शोधलं, तेव्हा कळलं की डेटाबेस भलत्याच फोल्डरमध्ये तिला धुंडाळतोय. फाइल तिथं नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणालं, तुमचा डेटाबेस जुना आहे, माझं त्याच्याशी जमणार नाही. मग सगळ्या नोंदी सीडीवर काढून ठेवल्या, नवा डेटाबेस घातला, नोंदी परत भरल्या. तिसऱ्या दिवशी म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. मी ज्या नावानं आत शिरायचो त्याला असलं काही जोडायचा अधिकारच नव्हता. मोठ्या अधिकाराचा पासवर्ड कुठं आहे म्हणून साहेबांना विचारलं, तर तो सॅम्पलच्या फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून ठेवलेला. नऊ वर्षं मी त्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होतो.

मग मेमरी कमी पडली. सेटिंगच्या फाइलमध्ये मॅडमनी आकडा वाढवला, तरी तेच. परत वाढवला, तरी तेच. मला तर वाटलं, उचलावं ते खोकं आणि डॉकवरून खाली टाकावं. मॅडम मात्र चिडायच्या नाहीत. शेंगदाणे खात खात त्या म्हणाल्या, "दादा, अशा दोन फाइली असतील. आपण भलतीच बदलतोय." तसंच निघालं. जुन्या डेटाबेसची फाइल तशीच पडून होती आणि आम्ही तिलाच औषधपाणी करत होतो. खरी फाइल बदलली, डेटाबेस बंद करून चालू केला, आणि ते बसलं. मॅडमनी खिडकीतून चाचांना चहा पाजला. चाचांना काय झालं ते कळलं नाही, पण पोरगी खूश आहे एवढं कळलं. ते म्हणाले, "चार दिस झाले, बिचारी उपाशी बसतीय. भाकर खाऊन घे म्हणावं."

चौथ्या दिवशी दुपारी मॅडमनी त्याला शिकायला बसवलं. अर्ध्या मिनिटात लाल अक्षरं आली. सातव्या रकान्यावर अडलं होतं. मॅडमनी मराठीत सांगितलं, "म्हणतंय की ह्या रकान्यात सगळीकडं एकच किंमत आहे, ह्यातून शिकण्यासारखं काही नाही."

सातवा रकाना कुठला, ते मला मोजायची गरज नव्हती.

"असं कसं होईल?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या नोंदीत एकच आकडा? एक्स्टेंशन रकाना नीट वाचत नाहीये. बसवताना माझंच काहीतरी चुकलंय."

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्याचं काम होतं. मी बोललो नाही. त्यांनी ते सगळं काढलं आणि पहिल्यापासून परत बसवायला घेतलं. मी त्यांना सीडी हातात देत होतो, चहा आणत होतो, पंखा त्यांच्याकडं वळवत होतो. पाचव्या दिवशी सकाळी परत तीच लाल अक्षरं आली. मग मॅडमनी एक्स्टेंशन बाजूला ठेवलं आणि थेट डेटाबेसला विचारलं, ह्या रकान्यात कुठले कुठले आकडे आहेत. उत्तर एका ओळीचं आलं.

मॅडम खुर्ची वळवून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "दादा, हे आकडे कोण देतं?"

बाहेर झाकण वाजलं. थाडकन. चाचांचा हात खिडकीतून दिसत होता.

"चाचा देतात," मी म्हटलं. "ते समद्याला तीनच सांगतात."

का म्हटलं? नोकरी जाईल म्हणून म्हटलं. नुसतं तेवढंच नाही. ज्या खुर्चीचा मला तोरा होता, तिच्यात बसून मी नऊ वर्षं डोळे झाकून एकच बटण दाबलं, हे त्या पोरीसमोर कबूल करायची मला लाज वाटली. आणि लाज वाचवायला मी दुसऱ्याच्या नावावर ढकललं. त्या माणसानं मला एकदाही आकडा सांगितलेला नव्हता.

मॅडमनी मान हलवली आणि तो रकाना काढून टाकला. एक्स्टेंशन बिनबोभाट शिकलं. तापमान, वेळ, फॅट ह्यांच्यावरून ते बरंच बरोबर सांगायला लागलं. साहेब खूश. मॅडम रिपोर्ट लिहून देऊन पुण्याला गेल्या.

पंधरा दिवसांनी चाचा एक पाकीट घेऊन माझ्या खोलीत आले. खोलीत ते कधी यायचे नाहीत, बूट ओले असतात म्हणून. दारातच उभे राहिले.

"साहेबांनी दिलंय. वाच बरं जरा, माझा चष्मा घरी हाय."

मी कागद उघडला. ऑफिसची मराठी, जड जड शब्द. मी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला माझी जीभ अडखळली. लिहिलं होतं, की संगणकीय तपासणीत असं आढळून आलं आहे, की वासाची परीक्षा करणारे कर्मचारी सर्वच कॅनना एकच श्रेणी देतात, त्यामुळे सदर परीक्षेचा दुधाच्या गुणवत्तेशी संबंध दिसून येत नाही. सबब सदर जागा महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.

"म्हंजी?" चाचा म्हणाले.

"म्हंजी महिन्याच्या शेवटाला तुम्हाला बंद करणार."

चाचांची रिटायर व्हायला अजून तीन वर्षं बाकी होती. त्यांची धाकटी दौंडला नर्सिंगला होती, तिचं शेवटचं वर्ष यायचं होतं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, कारण रोज दहा वाजता आम्ही एकाच डब्यातलं खायचो.

ते कागदाकडं बघत राहिले, चष्म्याशिवाय वाचता येत असल्यासारखे. मग म्हणाले, "एकच श्रेणी देतात, म्हंजी कुणाला म्हणत्यात? मी तर श्रेणी देतच न्हाई. मी कवा दिली?"

मी कीबोर्ड उचलला आणि त्यांच्या पुढं धरला. तीनचं कोरं बटण त्यांना दाखवलं. मग सगळं सांगितलं. प्रोग्राम अडायचा म्हणून मी तीन दाबायचो, ते. मॅडमनी विचारलं तेव्हा तुमचं नाव घेतलं, ते. सांगताना मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही, त्यांच्या बुटाकडं बघत होतो.

चाचा दाराच्या उंबऱ्यावर बसले. माझ्यावर हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "नऊ वर्सं मी हिकडं वास घेतोय, आन् तिकडं लिवलंय एकच." मग म्हणाले, "मला वाटायचं, माझं काम तुझ्या त्या मशिनीत जातंय. घरी सांगितलंय मी तसं."

ते वाक्य मला आजही आठवलं की जेवण जात नाही.

"चला, साहेबांकडं जाऊ," मी म्हटलं.

"मी न्हाई येत. मी काय केलंय? तू जा."

मी गेलो. साहेब रागीट माणूस, पण त्या दिवशी ओरडले नाहीत. आधी त्यांना कळेचना. "म्हणजे नऊ वर्षांच्या नोंदी खोट्या?" त्यांनी विचारलं.

"नोंदी खऱ्या हायत साहेब. वास तेवढा खोटा हाय. तो चाचांचा न्हाईच."

त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. "रिपोर्ट मॅडमचा आहे. त्यांना तू सांग."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं." बस, एवढंच. मला लेखी मेमो मिळाला, तो मी घडी घालून ठेवलाय. पण हे वाक्य मेमोपेक्षा जड गेलं.

मॅडमनीच साहेबांना गळ घातली. म्हणाल्या, रिपोर्ट मागं घेते, मला दोन महिने द्या. चाचांनी प्रत्येक कॅनला खरी श्रेणी द्यायची, परत पाठवलेले कॅनसुद्धा बाटली ठेवून नोंदवायचे, आणि एक्स्टेंशनला नव्यानं शिकवायचं. तरी वासाचा काही संबंध दिसला नाही, तर मग जागा बंद करा. साहेबांनी कागद टेबलाच्या खणात ठेवला. फाडला नाही.

आता अडचण चाचांची. डॉकवर गाडीवाले, गवळी, बायाबापड्या उभ्या असतात. तिथं मोठ्यानं "एक", "दोन" म्हणायचं म्हणजे दुधाला चारचौघांत नाव ठेवणं. चाचा काही केल्या तयार होईनात. पहिल्या दिवशी प्रत्येक कॅनला येऊन माझ्या कानात सांगायला लागले, तर गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली. बोटं दाखवा म्हटलं, तर बोटं सगळ्यांना दिसतात. मी वैतागलो. म्हटलं, "चाचा, तुमची नोकरी जातीय आन् तुम्ही लोकांच्या अब्रूचं बघताय."

"नोकरी माझी हाय. दूध त्यांचं हाय," चाचा म्हणाले.

तोड त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत बसलो, तर झाकण बसल्यावर कॅनच्या अंगावर बोटाच्या पेरांचा आवाज आला. टक, टक, टक, टक. चार. पुढच्या कॅनला पाच. गवळ्यांना वाटलं, म्हातारा कॅन किती भरलाय ते बघतोय. कोणाला काही कळलं नाही. मला सगळं कळत होतं. पाच ठोके म्हणजे चोख दूध. चार म्हणजे बरं. तीन म्हणजे चालंल. दोन म्हणजे घ्या पण टाकी वेगळी, म्हशीनं कांद्याची पात खाल्लीय, नाहीतर कॅन नीट धुतला नाही. एक म्हणजे झाकण उलटं.

पहिले काही दिवस माझं बोट सवयीनं तीनवर जायचं आणि मी ते ओढून आणायचो. आठवड्याभरात मी मान वर करून बघायला लागलो. त्याआधी मी ऐकायचो फक्त थाडकन. आता दिसायला लागलं, की चाचा कधी एका श्वासात झाकण खाली ठेवतात, कधी दुसरा श्वास घेतात, आणि दुसरा श्वास घेतला की ठोके तीनच्या वर जात नाहीत. पाच-सहा हातांवर इतकी वर्षं बसून मी हे बघितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मॅडम आल्या. जुने सगळे तीन पुसून टाकायचं काम त्यांनी मला दिलं. म्हणाल्या, "तुम्ही घातलेत, तुम्हीच काढा." नऊ वर्षांचे आकडे एका ओळीच्या हुकमानं गेले. मग नव्या नोंदींवर शिकवायला लावलं, तर परत लाल अक्षरं. चाचा खिडकीबाहेर उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मग माझ्या लक्षात आलं, मी सेटिंग बदललं होतं आणि डेटाबेस बंद करून चालू केला नव्हता. ते केलं. अक्षरं गेली. एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि थांबली.

मॅडमनी यादी काढली, कुठल्या रकान्यावरून दूध टिकेल का जाईल ते जास्त कळतं त्याची. सगळ्यात वर वास होता. त्याच्या खाली तापमान, मग वेळ. मॅडमनी खिडकीतून चाचांना सांगितलं, "तुमचा नंबर पहिला आलाय."

साहेबांनी ते पत्र खणातून काढून माझ्यासमोर फाडलं. मी कधी कोणासमोर रडलो नाही, त्या दिवशी तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर गेलो.

संध्याकाळी चाचा दारात आले. "एक इचारू? आता ह्या मशिनीला माझं समदं कळलं. मग उद्या माझी काय गरज?"

मॅडम सामान आवरत होत्या. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, "दादा, हा रकाना कंपल्सरी कशाला? मी मोकळा करून देऊ का? मग कधी वास नसला तरी ते अंदाजानं पुढं जाईल." स्क्रीनवरची एक खूण काढायचं काम होतं. मी म्हटलं होतं, "राहू द्या."

"तुम्ही ठोके दिल्याशिवाय ते पुढंच जात न्हाई चाचा," मी म्हटलं. मी त्यांना करून दाखवलं. वासाचा रकाना रिकामा ठेवून पुढं जायचं बटण दाबलं. टूंक. कर्सर तिथंच. परत दाबलं, परत टूंक. नऊ वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या, तो ऐकून म्हातारा हसला.

तीन वर्षं चाचा डॉकवर राहिले. धाकटी नर्स झाली. शेवटच्या काही महिन्यांत ते मला रोज ओढून बाहेर न्यायचे, म्हणायचे, "खुर्ची सोड जरा." झाकण माझ्या नाकाला लावायचे आणि विचारायचे, किती? मी बहुतेक वेळा चुकायचो. ते रागवायचे नाहीत, परत लावायचे.

ते रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा माणूस यायला आठ दिवस लागणार होते. पहिल्या सकाळी पाबळची गाडी लागली. डॉकवर कोणी नव्हतं. मी पहिल्या कॅनचं तापमान टाकलं, फॅट टाकलं, आणि कर्सर वासाच्या रकान्यात येऊन उभा राहिला. साहेब दारातून म्हणाले, "आठवड्याचा तर प्रश्न आहे रे. तीन टाकत जा."

माझं बोट त्या कोऱ्या बटणावर होतं. मी ते उचललं, उठलो आणि बाहेर गेलो. झाकण उलटं करून नाकाशी धरलं. एका श्वासात कळेना, म्हणून दुसरा घेतला. कांद्याची पात होती. कॅनवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी झाकण परत बसवलं. खिडकीत ऐकायला कोणी नव्हतं, तरी मी कॅनवर दोन ठोके दिले, आणि मग आत जाऊन दोन टाकला.